गोमा निरगुड्याचा उलटा फेर

"येवढं सगळं सरळ केलं तुमी सायेब, तर आमचा फेर तेवढा सरळ करा."

गोमा निरगुडा हे वाक्य आयुष्यात एकदाच बोलला. एका गार खोलीत, संगणकाच्या पडद्यासमोर, चपला दाराबाहेर काढून. हे कुणाला बोलायचं ते शोधण्यात त्याची अडतीस वर्षं गेली होती.

पोशीरच्या वर डोंगर सुरू होतो तिथं गोमाची वाडी आहे. चाळीसेक घरं, सगळी ठाकरांची. गौरीत, लग्नात वाडी नाचते. एकमेकांच्या कमरेला हात घालून पुरुष फेर धरतात आणि आत ढोलवाला असतो. तो जिकडं वळेल तिकडं फेर वळतो. ढोल सोडून कुणाचं काही ऐकायचं नसतं. डावा हात आत, उजवा बाहेर. खळ्यात बैल मेढीभोवती फिरतात त्याच अंगानं. उजवा हात आत ठेवून वाडी फिरते ती फक्त कुणी मेल्यावर, बाराव्या दिवशी, तोंडातून शब्द न काढता. हे कुणी शिकवत नाही. पोर चालायला लागलं की त्याला ठाऊक असतं.

गोमाकडं ढोल बापाकडून आला तेव्हा तो विशीत होता. त्याच्यासारखा वाजवणारा पंचक्रोशीत नव्हता असं अजूनही लोक सांगतात, पण सांगताना आवाज खाली घेतात.

शहाऐंशी सालच्या उन्हाळ्यात वाडीत सिनेमावाले आले. दोन टेंपो, एक जीप, एक जनरेटर. दिग्दर्शक जगदीश कारखानीस, तेव्हा चाळिशीचे, दाढीवाले, खांद्याला झोळी. सिनेमा दुष्काळावरचा होता. वाडीतले लोक तोवर अर्ध्या चड्ड्या घालायला लागले होते. त्यांना लंगोट्या वाटण्यात आल्या. गोमाचा चुलतभाऊ कोंडू मोहोपाड्याच्या कारखान्यात नुकताच लागला होता. त्यानं मनगटावरचं नवं घड्याळ काढायला नकार दिला. "घड्याळ नाय काढणार, लंगोटी म्हणाल तर तीबी काढतो," असं तो म्हणाला आणि सगळे हसले. गर्दीत कुणाला दिसणार नाही म्हणून त्याला तसाच उभा केला.

शेवटच्या दिवशी फेराचं काम होतं. नायिका डावीकडून धावत येणार आणि फेर तिच्या अंगावर चालून जाणार, असं कारखानिसांच्या मनात होतं. पण फेर नेहमीसारखा फिरला की कॅमेऱ्याजवळच्या सगळ्यांची तिच्याकडं पाठ व्हायची. तिला उजवीकडून आणावं तर उजवीकडं विजेचा खांब होता. त्याच वर्षी पुरलेला, तारा ओढलेला, वाडीला अजून वीज न दिलेला खांब. ऊन उतरत चाललं होतं. कारखानीस म्हणाले, उलटे फिरा.

वाडीचा जाणता माणूस जना. तो लगेच म्हणाला, "तसं नाय फिरत आमी."

"का?"

"मेल्यामाघारी फिरतात तसं."

कारखानिसांनी जनाशी वाद घातला नाही. ते गोमापाशी गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "गोमा, तू माझा हिरो आहेस. एकदाच. पाच मिनिटं."

गोमानं जनाकडं पाहिलं नाही. त्यानं ढोलावर टिपरू मारलं आणि उजवा हात आत घेऊन वळला. एकतीस माणसं त्याच्यामागं वळली, कारण ढोल वळला होता. जना बाजूला जाऊन बसला.

त्या श्रावणात गोवर आला. आसपासच्या सगळ्या वाड्यांत आला, डॉक्टरच्या माणसानं तसं सांगितलंही. गोमाच्या वाडीतली चार पोरं गेली. त्यातला एक, दीड वर्षाचा, गोमाचा आणि त्याच्या बायकोचा, चिंधीचा, पहिला मुलगा. गोमाला कुणी शिवी दिली नाही, त्याचं पाणी बंद केलं नाही. फक्त गौरीच्या आदल्या दिवशी जना घरी आला, आढ्याला टांगलेला ढोल त्यानं उतरवला आणि घेऊन गेला. चिंधी दारात उभी होती, तिनं वाट दिली.

यावर उपाय आहे असं जनानंच त्याला त्याच गौरीत सांगितलं. जितके उलटे फेर, तितके सुलटे घालायचे, म्हणजे सुटतं. पाच मिनिटांत किती फेर झाले असतील? सात, आठ. गोमाला हे सोपं वाटलं. गौरी संपल्या की रानात एकटा जाऊन आठाच्या जागी दहा फेर घालीन, ढोल नसला तर तोंडानं ताल धरीन, असं त्यानं ठरवलं. आणि मग सिनेमा लागला.

गोमाची सगळी अडचण इथून पुढची आहे. माणसाच्या हातून चूक होते ती एकदा होते; नंतर ती आठवणीत राहते, आठवण झिजते. गोमाची चूक झिजेना. ती दर वेळी नव्यानं घडत होती. तेच पाय, तोच ढोल, तोच चोवीस वर्षांचा गोमा उजवा हात आत घेऊन वळत होता, कुठल्यातरी शहरात, कुठल्यातरी अंधाऱ्या खोलीत, आणि इकडं भातखाचरात वाकलेल्या गोमाला त्याचा पत्ता नव्हता. सिनेमाला बक्षिसं मिळाली. वाडीनं त्याचं नाव 'उलटा' ठेवलं. सिनेमाचं खरं नाव वाडीत कुणी घेत नाही. 'उलटा लागला होता काल' एवढं म्हटलं की पुरतं.

त्यानं मोजायचा प्रयत्न केला. खालापुरात इद्रिसशेठनी एसटी स्टँडामागं पत्र्याच्या शेडमध्ये व्हिडिओ हॉल काढला होता. गोमाची लेक वनिता पुढं खालापूरच्या अंगाला दिली, पण ही ओळख त्याआधीची. गोमा आठ मैल चालून, मग गाडी पकडून त्यांच्याकडं गेला आणि विचारलं, "शेठ, तुमच्याकडं उलटा किती बारी लागला?"

"कोण उलटा?"

गोमानं समजावलं. इद्रिसशेठनी डोक्यावरची टोपी काढून परत घातली. "अरे, तो होय! दोन शो. पहिल्या शोला लोकांनी मारामारी नाही म्हणून खुर्च्या आपटल्या. दुसऱ्याला सातजण होते, त्यातले दोघं झोपलेले."

"झोपले तरी फेर फिरलाच ना."

"फिरला असेल बाबा."

"मंग दोन धरतो."

इद्रिसशेठ सांगतात, त्या दिवशी ते पोट धरून हसले, आणि गोमा गेल्यावर त्यांना चहा कडू लागला. तेव्हापासून दोघांची दोस्ती.

पुढं गोमाही मोहोपाड्याला लागला, कारखान्याच्या वसाहतीत माळीकामाला. एका रविवारी एका साहेबाच्या बायकोनं खिडकीतून हाक मारली, "गोमा, लवकर ये, तू टीव्हीवर आहेस!" पाच-सहा घरांतून तोच आवाज येत होता, तोच ढोल. गोमानं झारी खाली ठेवली आणि पंपाच्या खोलीमागं जाऊन उभा राहिला. टीव्हीवर म्हणजे किती घरांत? देशात टीव्ही किती? त्या दिवसापासून त्यानं मोजणं सोडलं. रानात जाऊन एकट्यानं सुलटे फेर घालायचा तो, तेही सोडलं. ज्या भांड्याला तळ नाही त्यात किती ओतणार? पुढं मोबाइल आले आणि वाडीतली पोरं आंब्याखाली बसून तो तुकडा बघायला लागली. "गोमाकाका, हे बघ तुझी बॉडी कसली होती!" काका उठून जायचा.

गौरीत फेर धरला की गोमा बांधावर बसतो. ढोल जनाच्या घरातला कुणीतरी वाजवतो, बरा वाजवतो. गोमाचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले असतात.

गेल्या वैशाखात तो लेकीकडं जाताना इद्रिसशेठच्या दुकानात टेकला. व्हिडिओ हॉलच्या जागी आता त्यांच्या मुलाचं, शोएबचं, मोबाइलचं दुकान आहे. शोएबनं फोन पुढं धरला. पडद्यावर कारखानीस होते. ऐंशीचे झालेले, दाढी पांढरी. सिनेमा पुन्हा थिएटरात येतोय, ते सांगत होते, आणि या वेळी तो माझ्या मनातला असेल. त्या काळी साधनं नव्हती. एका माणसाच्या हातात घड्याळ राहिलं, मागं विजेचा खांब राहिला, आभाळ हवं तसं नव्हतं. चाळीस वर्षं ते मला सलत होतं. आता संगणकावर सगळं दुरुस्त करतोय.

गोमानं तो व्हिडिओ तीनदा लावायला लावला.

"खांब काढला म्हणतो," तो म्हणाला.

"हो, खांब, घड्याळ, सगळं," शोएब म्हणाला. "आता काय पण होतं चाचा. जाड्याला बारीक करतात."

"त्या खांबापायीच फेर उलटा केला होता."

मग इद्रिसशेठ म्हणाले, "कारखानिसांचा बंगला कर्जतलाच आहे. नदीकाठी. चल, उद्याच जाऊ."

चिंधीला हे पटलं नाही. "तू पायानं उलटा फिरलास," ती म्हणाली, "आणि आता मशिनीनं सरळ व्हणार होय रं?" तरी तिनं त्याचा पांढरा सदरा घडी घालून दिला.

कारखानिसांनी गोमाला लगेच ओळखलं. "माझा हिरो!" म्हणून मिठी मारली. काम बंगल्यातच चालू होतं. नम्रता नावाची मुलगी संगणकावर बसली होती. कारखानिसांनी कौतुकानं एकेक दाखवलं. हा खांब होता, आता नाही. हे घड्याळ होतं, आता नाही. हे आभाळ बघ. म्हातारपणी माणूस घर आवरतो तसे ते दिसत होते, आनंदी आणि घाईत. तेव्हा गोमा आपलं वाक्य बोलला.

कारखानीस हसले. "फेर? अरे, तो शॉट म्हणजे सिनेमाचा प्राण आहे. त्याला काय करायचं?"

"तो उलटा हाय सायेब."

"तो तसाच हवाय."

"तुमी खांबापायी उलटा केला. बाई उजवीकडनं येईना म्हणून. आता खांब गेला. मंग फेर कशापायी उलटा?"

कारखानिसांनी त्याच्याकडं जरा निरखून पाहिलं. एवढ्या वर्षांनी कुणी त्यांना त्या संध्याकाळचं कारण सांगेल असं त्यांना वाटलं नसावं. "घड्याळ, खांब, या चुका होत्या गोमा," ते म्हणाले. "माझ्या चुका. फेर ही चूक नाही."

"माझी हाय."

"असेल. पण ती सिनेमात दिसत नाही."

"आमाला दिसते."

इद्रिसशेठ खोकले. नम्रता मध्येच म्हणाली, "सर, नुसतं आरशासारखं उलटवलं तर एका बटणाचं काम आहे." आणि कुणी हो-नाही म्हणायच्या आत तिनं ते बटण दाबलं.

पडद्यावर फेर सरळ झाला.

एकतीस माणसं डावा हात आत ठेवून फिरत होती. नायिका उजवीकडून धावत येत होती, तिच्या वाटेत खांब नव्हता. गोमा उठून उभा राहिला. इद्रिसशेठ सांगतात, त्याचे पाय गालिच्यावर हलत होते, ताल धरल्यासारखे.

"बघ ना, हिचा पदर उजव्या खांद्यावर गेला," कारखानीस म्हणाले. "आणि तू डावखुरा झालास."

"डावखुरा चालंल," गोमा म्हणाला. "डावखुऱ्याला काय पाप लागत नाय."

कारखानिसांचा फोन वाजला. ते उठले, जाता जाता गोमाच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला, तोच खांदा, आणि म्हणाले, "बघू."

शहरात बघू म्हणजे काय ते इद्रिसशेठना ठाऊक होतं. गोमाला नव्हतं. वाडीत नको असेल तर नाय म्हणतात. शिवाय त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तो खोलीतून निघाला तेव्हा पडद्यावर फेर सरळच फिरत होता.

गोमा थेट जनाकडं गेला. जना आता पंच्याऐंशीच्या पुढं, अंगणात खाटेवर पडलेला. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"सरळ केला?"

"मी बघितला."

"मंग पयले झाले त्यांचं काय?"

"ते मागचे मागं. पुढचे सगळे सरळ फिरतील. रोज फिरतील, सगळीकडं. फिटंल ते."

जना कोपरावर उठला. मग म्हणाला, "मला दाखव. सरळ आसंल तर या गौरीला ढोल तुझ्या घरी."

श्रावणात कर्जतच्या एका सभागृहात दुपारचा खेळ ठरला. कारखानिसांनी वाडीला आमंत्रण पाठवलं, न्यायला टेंपो पाठवला. तीस-पस्तीस माणसं आली. जनाला दोघांनी उचलून खुर्चीत बसवला. कोंडू कधीचाच वारला होता, पण त्याची बायको सुंदरा आली. नवऱ्याचं तरुणपण बघायला मिळणार म्हणून तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. चिंधी गोमाशेजारी बसली. इद्रिसशेठ मागच्या रांगेत.

सिनेमा सुरू झाला. आभाळ काळंनिळं होतं, तसं आभाळ पोशीरवर कधी कुणी पाहिलं नव्हतं. खांब नव्हता, तारा नव्हत्या. एका ठिकाणी सुंदरा पुढं झुकली. "यांच्या हातातलं घड्याळ कुठं गेलं गं?" तिनं चिंधीला विचारलं. "घड्याळ होतं ना? मी लगीन ठरवताना तेच बघितलं होतं." पुढच्या रांगेतल्या कुणीतरी शुक् केलं.

मग ढोल ऐकू आला. वाडीच्या दोन्ही रांगा ताठ झाल्या.

नायिका डावीकडून आली.

फेर उलटाच होता. आणि तो एकतीस जणांचा नव्हता. पडदाभर माणसं होती, माळावर, चढावर, थेट डोंगराच्या कडेपर्यंत, फेरामागं फेर, फेरामागं फेर. त्या वेळी मिळाली नाहीत तेवढी माणसं कारखानिसांनी आता संगणकात केली होती, आहेत त्यांच्याच नकला काढून. शेकडो माणसं उजवा हात आत ठेवून मेल्यामाघारचं चालत होती. वाडीतल्या लोकांनी आपले बाप, चुलते त्या गर्दीत चार-चार जागी पाहिले. आणि प्रत्येक फेरात एक ढोलवाला होता. चोवीस वर्षांचा, उघडा, टिपरू उचललेला. चिंधीनं मोजायला सुरुवात केली आणि नवावर थांबली.

गोमा पडद्याकडं बघत राहिला. जना त्याच्याकडं.

दिवे लागले, टाळ्या झाल्या. कारखानीस काठी टेकत मंचावर आले. "माझ्या मनातला फेर आज पहिल्यांदा तुम्ही पाहिलात," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरंच भरून आला होता. "आणि तो ज्याच्या पायांनी सुरू झाला, तो माझा हिरो इथं आहे. गोमा, वर ये."

लोक वळून बघायला लागले. चिंधीनं त्याचा सदरा धरला, मग सोडला. गोमा वर गेला. त्याला शाल घातली, नारळ दिला. कारखानिसांनी खूण केली तसा कुणीतरी एक नवा कोरा ढोल आणून त्याच्या गळ्यात अडकवला. वादी करकरीत होती, अजून कातड्याचा वास येणारी.

"वाजव," कारखानीस म्हणाले. "लोकांना ऐकू दे."

अडतीस वर्षांनी गोमाच्या अंगाला ढोल लागला होता. हात आपोआप चामड्यावर गेला. समोर जना होता, चिंधी होती, वाडी होती. सगळे त्याच्या हाताकडं बघत होते. खुर्चीतल्या जनानं मान हलवली नाही, डोळे मिटले नाहीत, काहीच केलं नाही.

गोमानं टिपरू खाली ठेवलं. गळ्यातली वादी काढली, ढोल मंचाच्या कडेला अलगद उभा केला, त्यावर शालीची घडी ठेवली, घडीवर नारळ. कारखानीस हसत काहीतरी बोलले, लाजतोय म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मंचाच्या पायऱ्या उतरलं की दार डाव्या हाताला होतं, सहा-सात पावलांवर, उघडं. गोमा उजवीकडं वळला. भिंतीच्या कडेनं, डावा हात आत, खुर्च्यांकडं ठेवून, तो सभागृहाच्या मागपर्यंत गेला, मागच्या रांगेमागून, इद्रिसशेठच्या पाठीमागून गेला, आणि पलीकडच्या भिंतीनं पुन्हा पुढं आला, सबंध वेढा घेऊन. घाई नव्हती, पावलं सारखी पडत होती. वाडीच्या रांगांमधलं कुणी हललं नाही. दारापाशी तो वाकला, येताना तिथं काढलेल्या चपला पायात घातल्या, आणि कुणाकडं न बघता बाहेर पडला.